निळं रॉकेल आणि रविवारची सकाळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोटरसायकलच्या कारखान्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. रविवारी सकाळी अंगणात उकिडवं बसून ती पुसणाऱ्यांचा मात्र कुणी लिहिला नाही. स्टँडवर चढवलेली गाडी, पाण्याची बादली, आईच्या जुन्या पातळाचे बोळे, स्पोकसाठी दात घासून झिजलेला ब्रश आणि शेजारी फरशीवर ओळीनं मांडलेले पाने. साठ ते नव्वदच्या दशकांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. पाने हातात द्यायचं काम आपल्याकडेच असायचं.

१९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्डची बुलेट तयार होऊ लागली. १९६१ साली म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडली. तिचंच पुढे येझदी झालं. पाठोपाठ पोलंडच्या गाडीवरून बेतलेली राजदूत आली आणि गावोगावच्या दूधवाल्यांनी तिला किटल्या लटकावल्या. परवान्यांच्या त्या काळात गाडी मिळणंच दुर्मीळ, म्हणून मिळालेली गाडी वीस-वीस वर्षं टिकवायची असे. आणि टिकवायची तर घरच्या घरीच. दर खेपेला मेकॅनिककडे जाणं मास्तर-कारकुनांच्या पगारात बसत नव्हतं.

यांतल्या बुलेटचं तंत्र वेगळं, ती फोर-स्ट्रोक. जावा आणि राजदूत मात्र टू-स्ट्रोक, आणि घरच्या कामाचं मूळ तिथंच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला लागणारं वंगण पेट्रोलमधूनच जातं. वीसास एक म्हणजे लिटरमागे ५० मिलिलिटर तेल. काही गाड्यांच्या टाकीच्या झाकणातच ते मोजायचं माप असे. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर मागे धुराचा लोट. हे तेल पेट्रोलबरोबर जळतं, पण पुरतं जळत नाही. त्याची काजळी प्लगवर, धूर बाहेर पडायच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या जाळीत साचत जाते. धुराची वाट चोंदली की गाडीची ओढ जाते, चढावर ती कण्हू लागते. मग जाळी उपसून विस्तवात टाकायची, लाल झाली की काढायची आणि गार झाल्यावर ठोकून काजळी झाडायची. आमच्याकडे हा सोहळा बंबाच्या जाळावर होई. त्या दिवशीच्या आंघोळीच्या पाण्याला जळक्या तेलाचा वास यायचा, आणि त्याबद्दल वडिलांना काही बोलण्याची सोय नव्हती.

प्लग काढायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, फट नीट करायची. इग्निशनचे पॉइंट पॉलिश पेपरनं हलकेच साफ करायचे. मोजायची पट्टी नसली की वडील पोस्टकार्डाचा तुकडा फटीत सरकवून पाहत. पुस्तकात हे बसत नाही, पण गाडी चालायची.

चेन आणि कार्बोरेटर धुवायला मात्र रॉकेल लागे, आणि खरी लढाई तिथं होती. रॉकेल रेशनवर. काळ्या बाजारात जाऊ नये म्हणून सरकारनं त्यात निळा रंग घातलेला. आईनं कार्ड आणि डबा घेऊन रांगेत उभं राहून आणलेलं ते रॉकेल स्टोसाठी होतं. महिनाअखेरीस भात शिजायचा की चेन चमकायची, हा प्रश्न अनेक घरांत खरोखर पडलेला आहे. वडील वाटीभर रॉकेल मागत, आई अर्धी वाटी देई. ते चेन धुऊन काळं झालं तरी फेकायचं नाही, गाळून पुढच्या रविवारी पुन्हा वापरायचं. गाडी घराची होती म्हणतात, पण तिच्यावर बसून ऑफिसला जाणारा एक आणि तिच्यासाठी रांगेत उभी राहणारी दुसरी, हेही त्या इतिहासात यायला हवं.

ऐंशीच्या दशकात सरकारनं १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी भागीदारीला वाट मोकळी केली आणि जपानी नावं आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० रस्त्यावर उतरली. ही फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नाही, चेन पूर्ण झाकणाच्या आत. जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आमच्या अंगणातल्या मंडळींना तो जवळजवळ अपमान वाटला. गाडी विसरायची कशी? पण मायलेजचे आकडे ऐकून तीच मंडळी पुढे शोरूमच्या रांगेत दिसली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटरही गेला. इंधन किती सोडायचं ते आता संगणक ठरवतो. त्याला पोस्टकार्डाचा तुकडा चालत नाही.

दसऱ्याला मात्र गाडी आजही घरीच धुतली जाते. झेंडूची माळ हँडलला बांधायच्या आधी निदान एक बादली पाणी आणि एक फडकं.

मागल्या दसऱ्याला भाचा नवी गाडी पुसत होता. उघडी चेन धुळीनं माखलेली. त्यानं आत डोकावून विचारलं, "आजी, घरात रॉकेल आहे का गं?"

आई देवापाशी आपट्याची पानं मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता मागतोस होय? होतं तेव्हा तुझ्या आजोबांपासून लपवून ठेवायचे मी. तांदळाच्या डब्यामागे."