डब्यात नसलेली कार्डे : १९५२, सातारा आणि सांगली

१. सन १९५२. फेब्रुवारीत मद्रास येथे विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळवला. जुलैत हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी अमेरिकेत टॉप्स या च्युइंगगमच्या कंपनीने बेसबॉलपटूंच्या ४०७ चित्रकार्डांचा संच बाजारात आणला. हजारे सांगलीत जन्मले, खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. तिसऱ्या घटनेचा आपल्या मुलखाशी काय संबंध, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२. प्रथम थोडा भूगोल. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला. सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि विलीन झालेली सांगली, मिरज, जत यांसारखी संस्थाने मिळून तो घडला. ‘सांगली’ हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. म्हणजे १९५२ मध्ये सरकारी कागदोपत्री हे दोन्ही जिल्हे साताराच होते, एक उत्तरेकडचा आणि एक दक्षिणेकडचा. सोयरिकी, बाजार आणि तालमी तर आजही ती हद्द मानत नाहीत.

३. आता कार्डांकडे वळू. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून एक जाड पुठ्ठा घालत. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापावे, चित्रांना क्रमांक द्यावेत आणि त्यांचा संच करावा, ही कल्पना व्यापाऱ्यांना सुचली. क्रमांक आला की उणीव दिसू लागते. उणीव दिसली की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागते. संग्रहाचा हा सारा छंद त्या एका क्रमांकावर उभा आहे.

४. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. नवानगरचे रणजितसिंहजी त्या काळच्या सिगारेट कार्डांवर झळकलेले आपल्याला दिसतात. वडिलांनी सिगारेट ओढायची आणि मुलांनी कार्डे जमवायची, अशी घरोघरची वाटणी असे. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० मध्ये ब्रिटनमधील सिगारेट कार्डे थांबली.

५. टॉप्सने सिगारेटच्या जागी गम आणला, म्हणजे थेट मुलांनाच गिऱ्हाईक केले. साय बर्गर या कर्मचाऱ्याने १९५२ च्या संचाची रचना केली : पुढे खेळाडूचे चित्र, मागे त्याची आकडेवारी. त्यातला शेवटचा भाग खपला नाही. बर्गर यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, १९६० मध्ये उरलेली खोकी बोटीवर लादून अटलांटिक महासागरात बुडवण्यात आली. त्या संचातले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. जे पाण्यात गेले, त्याने मागे राहिलेल्याची किंमत वाढवली. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे पाणी पुन्हा येणार आहे.

६. अदलाबदल हा या छंदाचा कणा का, याचे उत्तर गणितात आहे. समजा ५० वेगवेगळी कार्डे आहेत आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखीच आहे. एकट्याने संच पुरा करायचा तर सरासरी सुमारे २२५ पाकिटे विकत घ्यावी लागतात. त्यातील शेवटच्या एका कार्डासाठीच सरासरी ५० पाकिटे! मुलाच्या खिशाला हे परवडणारे नाही. पण माझे ‘डबल’ ते तुझे ‘हवे’ असले, तर दोघांचाही खर्च उतरतो. मित्र असणे ही इथे आर्थिक गरज आहे.

७. आपल्याकडे खेळाडूंची कार्डे येण्यापूर्वीही हा व्यवहार मुलांना ठाऊक होता. काडेपेटीचे छाप जमवले जात. सिगारेटची रिकामी पाकिटे उलगडून, सपाट करून त्यांवर डाव मांडले जात. रिंगणात पाकिटे ठेवायची आणि चपट्या दगडाने बाहेर उडवायची. कोणत्या पाकिटाला किती मोल, हे मुलेच ठरवत. चारमिनार पानपट्टीसमोर ढिगाने सापडे, म्हणून तिला मान कमी. परदेशी पाकीट एखादेच मिळे, म्हणून त्याचा भाव चढा. दुर्मिळतेचा सिद्धांत कोणत्याही पुस्तकाशिवाय गल्लीत शिकला जात होता.

८. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीस ‘बिग फन’ बबलगम आला. त्यासोबत क्रिकेटपटूंची छोटी कार्डे निघत आणि धावा व बळीही मिळत. ठरावीक धावा आणि बळी जमले की बक्षीस. १९८३ च्या विश्वविजयाची ऊब अजून होती, १९८७ ची विश्वचषक स्पर्धा भारतात होऊन गेली होती आणि दूरदर्शन घरोघर पोहोचत होते. १९९९ मध्ये ब्रिटानियाने बिस्किटांच्या वेष्टनांवर हाच हिशेब पुन्हा मांडला. टॉप्सची युक्ती चाळीस वर्षांनी आपल्या किराणा दुकानांत आली ती अशी.

९. माझे धाकटे काका त्या पिढीचे. घर सांगलीच्या गावभागात, मावशी साताऱ्याला. मे महिन्याच्या सुट्टीत ते एसटीने कराडमार्गे साताऱ्याला जात, आणि पिशवीत कपड्यांखाली डबल कार्डांची गड्डी असे. सांगलीत त्यांच्या गल्लीला कपिल देव मिळेना; साताऱ्याच्या मावसभावाकडे चार कपिल पडून होते. एका दुकानात एकाच खोक्यातला माल येतो, त्यामुळे एका गल्लीत तीच ती कार्डे साचतात. एसटीचा प्रवास ही साचलेली कार्डे हलवत असे. व्यापारी पेठा ज्या कारणाने निर्माण झाल्या, त्याच कारणाने मावसभावांचा हा व्यवहार चाले.

१०. भावही ठरलेला होता. एका कपिलला तीन परदेशी खेळाडू. गावसकर निवृत्त झाल्यावर त्यांचा भाव उतरला नाही, उलट चढला. कोपरा दुमडलेले कार्ड अर्ध्या किमतीचे. आणि एक कडक नियम : दिलेले कार्ड परत मागायचे नाही. काका सांगतात की हा नियम मोडणाऱ्याशी पुढच्या सुट्टीपर्यंत कोणी बोलत नसे.

११. मग ट्रम्प कार्डांचा काळ आला. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची उंची, वजन, छाती, दंड, क्रमवारी असे आकडे त्यांवर छापलेले असत आणि आकड्याला आकडा भिडवून पत्ते जिंकले जात. हा खेळ कोणत्या मुलखात चालला होता, ते पाहा. गावोगाव तालीम, यात्रेत कुस्तीचा फड, फेटे बांधलेले पंच, हलगीचा ठेका. त्या मुलांना अंडरटेकरची उंची तोंडपाठ होती. खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढले, हे मात्र त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हते. काका स्वतः हे मान्य करतात.

१२. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. गावभाग पाण्याखाली होता. आम्ही माणसे, कागदपत्रे आणि आजीची औषधे घेऊन बाहेर पडलो. परतलो तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात काकांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत कार्डे नव्हती. गाळ आणि पुठ्ठ्याचा एक लगदा होता. काकांनी झाकण लावले आणि डबा कचऱ्याच्या ट्रॉलीत ठेवला. पंचनाम्यात फ्रीज, गाद्या, धान्य यांची नोंद झाली. या डब्याची नोंद कशाखाली करणार?

१३. टॉप्सची कार्डे समुद्रात गेली तेव्हा उरलेल्यांना लिलावघरे मिळाली. आमची कार्डे कृष्णेत गेली तेव्हा उरले काहीच नाही. मात्र माळ्यावर शाळेची एक जुनी वही सापडली. तिच्या डाव्या पानावर ‘हवे’, उजव्या पानावर ‘डबल’, आणि शेवटच्या पानावर ‘माझा संघ’ म्हणून अकरा नावे. इतिहासाच्या अभ्यासात मूळ वस्तू नष्ट झाल्यावर तिची यादी हेच साधन उरते. मंदिर पडले तरी दानाचा लेख बोलतो, तसे.

१४. ती यादी मी पुन:पुन्हा वाचली. अकरापैकी अकरा क्रिकेटपटू, पाच मुंबईचे. सातारा किंवा सांगलीचा एकही नाही. यात काकांचा दोष नाही. कार्ड छापणारा ज्यांना छापतो, त्यांतूनच मूल आपला संघ निवडते. दूरदर्शनवर जो दिसतो तो गमबरोबर खपतो. हजारे कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले तेव्हा दूरदर्शनच नव्हते. कुस्ती, बॅडमिंटन, जलतरण यांचा गम कोणी विकला नाही. बाजार स्मृतीलाही क्रमांक देतो. ज्याला क्रमांक नाही, त्याची उणीवसुद्धा जाणवत नाही.

१५. म्हणून त्या वहीच्या कोऱ्या पानावर मी या दोन जिल्ह्यांचा संघ लिहिला :

• विजय हजारे, सांगली. १९४८ मध्ये ॲडलेडच्या एकाच कसोटीत दोन शतके, ११६ आणि १४५.
• खाशाबा जाधव, गोळेश्वर. हेलसिंकी, १९५२.
• नंदू नाटेकर, जन्म सांगली. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय. १९६१ चे पहिल्या तुकडीतील अर्जुन पुरस्कारविजेते.
• मारुती माने, कवठेपिरान. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, १९६४ चे हिंदकेसरी.
• मुरलीकांत पेटकर, पेठ. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सैनिक. १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्ण, भारताचे पहिले.
• ललिता बाबर, मोही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी.
• स्मृती मानधना, सांगलीत घडलेली. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून नाबाद २२४.
• प्रवीण जाधव, सरडे. टोकियो ऑलिंपिकमधील तिरंदाज.
• संकेत सरगर, सांगली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचे रौप्य.
• आदिती स्वामी, सातारा. २०२३ मध्ये वयाच्या १७ व्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती.
• सचिन खिलारी, करगणी. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य.

१६. पेटकर १९४४ साली जन्मले तेव्हा पेठ हे गाव सातारा जिल्ह्यात होते. म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि पहिले पॅरालिंपिक सुवर्ण, दोन्ही जुन्या सातारा जिल्ह्याच्या हद्दीतील गावांकडे येतात. ही गोष्ट मला पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत ठाऊक नव्हती, आणि मी याच मातीतला.

१७. वही काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी नावे वाचली, हजारे यांच्या नावापाशी थांबले आणि म्हणाले, “हे आपल्या गावचे होते, हे तेव्हा माहीत असतं तर एका हजारेला पाच कपिल दिले असते रे.” मग पेन मागितले आणि ‘हवे’ या पानावर ती अकरा नावे स्वतःच्या अक्षरात उतरवली.

१८. शेवटी एक विनंती. तुमच्या घरी अशी कार्डे, छाप, ट्रम्प कार्डांचे अर्धवट संच असतील तर दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा. कोणत्या साली, कोणत्या गावात, कोणाशी अदलाबदल करून मिळाले, हे घरच्या मोठ्यांना विचारून लिहा. डबा तळमजल्यावर असेल तर आज वर हलवा. आणि या संघातला बारावा खेळाडू कोण असावा, ते कारणासह कळवा. जागा राखून ठेवली आहे.