नाव नसलेल्या मतदार
भारतातल्या बायकांना मताचा हक्क आयता मिळाला, असे आजही ऐकवले जाते. आम्ही विचारतो, कोणत्या बायकांना? १९२१ साली मुंबई कौन्सिलने स्त्रियांना मत दिले, पण मालमत्तेच्या अटीवर. दुसऱ्याच्या शेतात राबणारी आमची पणजी त्यात कुठे होती? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी मत मागितले. १९३५ चा कायदा मात्र नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मतदार करत होता! संविधानाच्या कलम ३२६ ने ती अट मोडली. तरीही पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. स्वतःचे नाव न सांगता त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच लिहवले होते. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद नाकारली. त्यांचे मत तेव्हा बुडाले, तरी आम्हाला ते योग्यच वाटते.