गड सोडणें आणि गड राखणें

सैन्याचीं ठाणीं कमी करून बळ थोडक्या जागीं एकवटावें, कीं हातीं आलेलें एकही ठाणें सोडूं नये, हा वाद जुनाच आहे. आपल्या इतिहासांतील दोन उदाहरणें शेजारीं ठेवून पाहिलीं, म्हणजे त्याचा निवाडा पुष्कळ सोपा होतो.

पहिलें उदाहरण १६६५ सालच्या पुरंदरच्या तहाचें. मिर्झाराजे जयसिंहाच्या स्वारीपुढें शिवाजीमहाराजांना २३ किल्ले व ४ लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला. १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख काय तो उरला. हा तह खुषीचा खास नव्हता. परंतु उरलेल्या किल्ल्यांत राजगड, तोरणा व रायगड होते, हें विसरतां कामा नये. शाखा गेल्या, पण मूळ राहिलें. शिवाय लढणारीं माणसें वांचलीं. म्हणूनच १६७० च्या आरंभीं कोंढाणा व पुरंदर परत घेतां आले. अर्थात् सोडलेलें ठाणें फुकट परत मिळत नाहीं. कोंढाण्याचें मोल तानाजी मालुसऱ्यांच्या प्राणानें द्यावें लागलें.

दुसरें उदाहरण आमच्या माळशिरसच्या मुलखानें जवळून पाहिलें आहे. १६८९ च्या आरंभीं औरंगजेबाची छावणी नीरेकांठीं अकलूजला होती. पुढें १६९५ पासून भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस त्याचा मोठा तळ पडला. १६९९ मध्यें तेथून निघून त्यानें गडामागून गड घेण्याचा सपाटा लाविला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड आणि १७०४ मध्यें तोरणा असे गड त्याच्या हातीं आले. कित्येकांचे दरवाजे तरवारीपेक्षां द्रव्यानेंच उघडले. पण प्रत्येक गडावर किल्लेदार हवा, शिबंदी हवी, दाणागोटा व दारूगोळा हवा. गड वाढले तसें मोंगलांचें बळ विखुरलें. मराठ्यांच्या फौजा मात्र उघड्या मुलखांत मोकळ्या फिरत राहिल्या, आणि बादशहाची पाठ फिरतांच गेलेले गड परत घेऊं लागल्या. १७०७ मध्यें अहमदनगर येथें बादशहाचा अंत झाला, तेव्हां इतके गड घेऊनही दक्षिण जिंकलेली नव्हती.

यावरून ठाण्यांची संख्या म्हणजे सामर्थ्य नव्हे, हें उघड होतें. ठाणें मोडण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्यात. उरलेलीं ठाणीं परस्परांस साह्य करूं शकतात काय? मोकळें झालेलें सैन्य खरोखर मैदानांत उतरणार आहे, कीं केवळ खर्च वांचविण्यासाठीं घरीं जाणार आहे? आणि सोडलेलें ठाणें शत्रूच्या उपयोगीं तर पडणार नाहीं? ही तिसरी गोष्ट इंग्रजांनीं पुरती ओळखली होती. १८१८ मध्यें नाशिककडील अनेक किल्ल्यांच्या चढणीच्या वाटा त्यांनीं सुरुंगांनीं उडविल्या, त्या याच भयानें.

या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर ठाणें सोडण्यांत कमीपणा नाहीं. तीं तशीं नसतील, तर वांचविलेला पैसा पुढें रक्तानें फेडावा लागतो.