विहिरीत टीसीएल पावडर नेमकी किती टाकावी?

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की गावात जुलाब, उलट्या आणि काविळीचे रुग्ण वाढतात. विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर टाकणे हा त्यावरचा जुना उपाय. पण ती ‘दोन मुठी’ अशा अंदाजाने टाकू नका. कमी पडली तर जंतू मरत नाहीत. जास्त झाली तर पाण्याला इतका वास येतो की लोक ओढ्यावर पाणी भरायला जातात, आणि तिथे तर कोणीच पावडर टाकलेली नसते!

गोल विहिरीतले पाणी म्हणजे उभा दंडगोल. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यास × व्यास × पाण्याची खोली × ३.१४, आणि त्याला ४ ने भागा. उत्तर घनमीटरमध्ये येते. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. दर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली, ताजी पावडर लागते. समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर आहे. मग पाणी ३७,६८० लिटर आणि पावडर सुमारे ९४ ग्रॅम.

चूक बहुधा मोजण्यात होते. काठापासूनची खोली धरू नका. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडा, वर काढा आणि दोराचा भिजलेला भाग मोजा. व्यास कठड्याच्या आतून घ्या. त्रिज्येच्या जागी व्यास घालून शाळेतले सूत्र वापरले, तर पावडर चौपट पडते. शिवाय उन्हाळ्यातले माप ऑगस्टमध्ये चालत नाही: याच विहिरीत पाणी ६ मीटर झाले की १८८ ग्रॅम लागते.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, पाऊण बादली पाणी भरून ढवळा आणि ५ ते १० मिनिटे थांबा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीच्या पाण्यात बुडवा आणि दोराने वर-खाली, आडवी हलवा. तळाचा चुना विहिरीबाहेर टाका. हे काम रात्री, पाणी भरणे थांबल्यावर करणे उत्तम. निदान तासभर तरी कोणी पाणी भरू नये.

त्यानंतर ओटी टेस्ट करा. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. हिशेब बरोबर असूनही रंग येत नसेल, तर पाणी फार गढूळ असेल किंवा पावडर उघड्या पोत्यातली, दम गेलेली असेल. अशा वेळी पावडर पुन्हा टाकून टेस्ट करावी लागते. तोवर पाणी उकळूनच प्या.