कर्मणि प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइसचा धडा अवघड वाटतो. ह्याचें कारण बहुधा इंग्रजींत शोधलें जातें. वस्तुतः तें मराठीच्या इतिहासांत दडलेलें आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि मोरो केशव दामले ह्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं. मराठी व्याकरणांतील कर्तरि, कर्मणि व भावे हीं प्रयोगांचीं नांवें संस्कृतांतून आलेलीं आहेत. त्यांच्या शेजारीं शाळेंत इंग्रजी व्याकरण येऊन बसलें, तेव्हां कर्तरि म्हणजे अ‍ॅक्टिव्ह आणि कर्मणि म्हणजे पॅसिव्ह, असें सोपें समीकरण रूढ झालें. घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे.

‘रामानें आंबा खाल्ला’, ‘रामानें पोळी खाल्ली’. येथें क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणें बदलतें, म्हणून हा कर्मणि प्रयोग. परंतु ह्याचें इंग्रजी ‘राम एट ए मँगो’, आणि तें तर अ‍ॅक्टिव्ह! मराठींतील प्रयोग हा क्रियापद कोणाच्या अनुरोधानें चालतें तें सांगतो; इंग्रजींतील व्हॉइस हा उद्देश्याच्या जागीं कर्ता बसला आहे कीं कर्म, तें सांगतो. दोहोंचीं मापें निराळीं आहेत.

असें कां झालें? संस्कृतांत ‘रामेण आम्रः खादितः’ ही रचना खरोखरच कर्मप्रधान होती. प्राकृतांतून मराठींत येतां येतां तीच भूतकाळ सांगण्याची नित्याची रीत बनली. कर्माचें प्राधान्य मावळलें. कर्त्याची तृतीया आणि कर्माशीं क्रियापदाचा मेळ, एवढ्या खुणा मात्र उरल्या. पुढें इंग्रजीच्या धर्तीवर ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ अशी रचना लिहिण्यांत आली. शालेय व्याकरणांत तिला नवीन कर्मणि म्हणतात. इंग्रजी पॅसिव्हशीं खरें नातें हिचें आहे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. बारामती तालुक्यांतील कोऱ्हाळे बुद्रुकच्या परिसरांतून नीरा डावा कालवा वाहतो. १८७६–७७ च्या दुष्काळांत लोकांना काम मिळावें म्हणून त्याची खोदाई हातीं घेतली गेली. ‘द कॅनॉल वॉज डग’, हें इंग्रजी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण खणणारे हात त्यांत कोठेंच नाहींत. ‘कालवा खणण्यांत आला’ ह्या मराठी वाक्याचीही तीच गत. आतां ‘दुष्काळानें गांजलेल्या मजुरांनीं कालवा खणला’ हें वाक्य घ्यावें. प्रयोग कर्मणिच आहे, तथापि कर्ता कुदळ घेऊन पुढें उभा आहे.

म्हणून व्हॉइस ओळखतांना विद्यार्थ्यानें मराठी प्रयोगाचें नांव बाजूला ठेवावें आणि एवढेंच विचारावें: इंग्रजी वाक्याचें उद्देश्य काम करणारें आहे, कीं काम सोसणारें? आणि कर्ता वाक्यांतून गळला असेल, तर तो कोण होता, हेंही विचारावें. पहिल्या प्रश्नानें व्याकरण समजतें, दुसऱ्यानें इतिहास.