सतारीची दांडी

सतारीची दांडी म्हणजे भोपळ्यापासून वरच्या टोकापर्यंत जाणारा आणि पडदे धारण करणारा लांब भाग होय. ती आतून पोकळ व पाठीमागून गोलाकार असून बहुधा तून किंवा सागवानी लाकडाची करतात. पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. रागानुसार ते वरखाली सरकवता येतात. पडदे कमानदार असल्याने त्यांच्याखालून तरफांना मोकळी वाट मिळते.

दांडीची रुंदी साधारण ९ सेंमी असते. विद्युत गिटारची मान वरच्या टोकाशी जेमतेम ४.३ सेंमी रुंद असते, कारण ती तळव्यात धरायची असते. तिथे पाठीच्या आकाराला फार महत्त्व आहे. १९५०च्या दशकातील गिब्सन लेस पॉलची मान भरीव, तर १९६०ची पातळ, हा भेद वादकाचा हात लगेच ओळखतो. सतारवादक दांडी मुठीत धरीत नाही. अंगठा मागे टेकून हात सरकत राहतो. ही रुंदी मींडेसाठी असते. बाजाची तार पडद्यावरून आडवी ओढून एकाच पडद्यावर चार-पाच स्वरांपर्यंत जाता येते आणि त्यासाठी पडद्याचा बराच भाग मोकळा लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘कोरल’ विद्युत सतारीला गिटारचीच मान होती. तिच्या घोडीमुळे आवाजात सतारीसारखी झणझण आली, पण अशी मींड त्या मानेवर शक्य नव्हती.

दांडी मींडेचा ताण सोसते. उस्ताद विलायत खाँ यांनी गायकी अंगाच्या वादनासाठी खर्जाच्या तारा काढल्या आणि दांडी व भोपळा यांचा सांधा मजबूत करून घेतला. पंडित रविशंकर यांनी मात्र खर्जाच्या तारा राखल्या. सुरबहारची दांडी सतारीहून लांब व रुंद असते. त्यामुळे तिचा स्वर खालचा आणि मींड अधिक खोल असते.

महाराष्ट्रात मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी व तंबोरे तयार होतात. या परंपरेचा आरंभ फरीदसाहेब सतारमेकर यांच्याकडे जातो. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे मुख्यत्वे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. दांडीसाठी मात्र लाकूड चांगले मुरलेले असणे महत्त्वाचे ठरते. गिटारच्या मानेत बाक दुरुस्त करण्यासाठी लोखंडी सळई असते. पारंपरिक सतारीत तशी सोय नाही. कच्च्या लाकडाची दांडी तारांच्या ताणाने पुढे वाकते, तारा पडद्यांपासून उंच उठतात आणि दाबताना स्वर चढतो. हा दोष पडदे सरकवून जात नाही.