बारा मार्च, वीस मार्च

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याची गोष्ट आपल्या पोरापोरींना पाठ आहे. पण त्याच्या आदल्या आठवड्यात बाबासाहेब कुठे होते, काय करत होते, असं अभ्यासवर्गात विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. फार तर एखादा सांगतो, महाडची तयारी करत होते. खरं आहे, तयारी चालूच होती. पण १२ मार्च १९२७ या शनिवारी बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या ग्रँटवर बोलायला उभे होते. पुढच्या शनिवारी, १९ तारखेला, ते महाडच्या परिषदेत होते. रविवारी तळ्यावर. बजेट अधिवेशनाचे शेवटचे आठवडे आणि चवदार तळं हे एकाच मार्च महिन्यातलं काम आहे. आपण त्यातलं अर्धंच लक्षात ठेवलं.

आधी कौन्सिल काय चीज होती ते बघू. १९१९ च्या कायद्याने प्रांतांचा कारभार दोन भागांत कापला होता. पोलीस, जमीनमहसूल, तिजोरी ही खाती गव्हर्नरच्या हाताखालची, म्हणजे राखीव. शिक्षण, अबकारी वगैरे सोपीव, म्हणजे आपल्यातल्या मंत्र्यांकडे. राखीव खात्याची मागणी सभासदांनी नामंजूर केली तरी गव्हर्नर सहीनिशी ती चालू ठेवू शकत होता. अस्पृश्यांना मतदारसंघ नव्हता. सरकारने नेमलेले डॉ. आंबेडकर आणि डॉ. सोळंकी, एवढाच आपला पक्ष. या दोन मतांनी कोणतीही मागणी अडत नव्हती, हे बाबासाहेबांना माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक जमाखर्चावरचा त्यांचा ग्रंथ १९२५ सालीच छापून निघाला होता. त्या सभागृहात सरकारचे पैसे कुठून येतात आणि कुठे मुरतात हे त्यांच्याइतकं जाणणारा माणूस सापडला नसता. त्याला सरकारने बसवलं होतं ते मात्र नेमलेल्या बाकावर!

२४ फेब्रुवारी १९२७ ला बजेटवर ते पहिल्यांदा बोलले. कौन्सिलात नुकतेच आलेले. दुसरा कोणी असता तर अस्पृश्यांच्या दुःखावर दोन अश्रू ढाळून खाली बसला असता, आणि सभागृहाने माना डोलावल्या असत्या. बाबासाहेबांनी शेतसारा धरला. आयकर माणसाची ऐपत बघतो. त्या काळी वर्षाला दोन हजारांच्या आतल्या कमाईला तो लागतच नव्हता. शेतसारा मात्र एका एकरवाल्यालाही आणि मोठ्या जहागीरदारालाही त्याच मापाने. पीक बुडो की येवो, भरायचाच. म्हणजे वकिलाला सूट आणि कुणब्याला जप्ती. आता हे बोलणं फक्त महारांसाठी होतं काय? सगळ्या कष्टकऱ्यांसाठी होतं. ज्यांना बाबासाहेब फक्त एका जातीचे पुढारी वाटतात त्यांना हे भाषण वाचायला द्या. वाचणार नाहीत, पण द्या.

मग १२ मार्च. खात्यांच्या मागण्या एकेक करून मंजुरीला येत होत्या. शिक्षणाची आली, तेव्हा त्यांनी शिक्षण खात्याचेच आकडे खात्यापुढे मांडले. या इलाख्यात सरकार माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. दारूतून जेवढं काढता तेवढं तरी शाळेवर घाला, असं त्यांचं म्हणणं. लक्षात घ्या, दारू आणि शाळा ही दोन्ही खाती सोपीव. गोऱ्या साहेबाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. बाटली आणि पाटी, दोन्ही देशी मंत्र्यांच्याच कपाटात.

शाळेत गेलेल्या शंभर पोरांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. याच चालीने चाललं तर शाळेच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला ४० वर्षं लागतील आणि मुलींना ३००. मी हिशेब करून पाहिला. मुलींची पाळी येते २२२७ साली. हा आकडा ऐकून सभागृहातल्या कोणाची झोप उडाली असेल काय, देव जाणे. म्हणजे देवही जाणत नाही.

त्यानंतर त्यांनी लोकसंख्येची चार भागांत वाटणी करून दाखवली. पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठे व तत्सम मधले वर्ग, आणि मागास वर्ग. या शेवटच्यात अस्पृश्य, डोंगरी जमाती, गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेले ११९, मुसलमान ९२, मधले ३८, मागास १८. कॉलेजात दर दोन लाखांमागे पुढारलेले हजार, मुसलमान ५२, मधले १४, मागास शून्य. लोकसंख्येत मागासांचा नंबर दुसरा, शिक्षणात शेवटचा. पुढारलेल्यांचा लोकसंख्येत शेवटचा, शिक्षणात पहिला. शिव्या नाहीत, शाप नाहीत. चातुर्वर्ण्याचं वर्णन मी पुष्कळ वाचलंय, पण सरकारी अहवालातून आकडे उचलून चार ओळींत काढलेलं हे चित्र सगळ्यांत उघडं आहे. आणि त्यात मराठे १४ वर आहेत हेही आजच्या मराठा तरुणाला सांगायला पाहिजे. त्याला वाटतं बाबासाहेब त्याच्या विरुद्ध बोलले.

आणखी एक मुद्दा त्याच भाषणातला. स्कॉलरशिपचे पैसे गरीब, अडाणी आईबापांच्या हातात देऊन पोरगं शिकत नाही, त्याच पैशांत वसतिगृहं काढा. आज आपल्यातले किती जण वसतिगृहात राहून शिकले ते आपल्याच आठवणीत मोजा.

आता महाडशी याचा संबंध काय? संबंध ग्रँटचा आहे. रावबहादूर सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये याच कौन्सिलात ठराव आणला, तो पास झाला: सार्वजनिक तळी, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तो मान्यही केला. तळं कागदावर खुलं झालं. प्रत्यक्षात आपल्या माणसांना एक ओंजळ मिळेना. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ ला बोल्यांनी दुसरा ठराव मांडला: जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे पाळणार नाही त्याची ग्रँट बंद करा. पहिला ठराव विनंतीचा, दुसरा खिशाचा. तीन वर्षांत त्या भल्या माणसाला कळून चुकलं होतं की सवर्णांच्या मनाचा दरवाजा तिजोरीच्या बाजूने उघडतो.

ठराव करायला पैसे लागत नाहीत, म्हणून ठराव लवकर होतात. मराठवाडा विद्यापीठाचं घ्या. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मेली, आणि अंमल व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. महाड नगरपालिकेने तर ४ ऑगस्ट १९२७ ला आपला ठराव सरळ मागे घेतला. तळ्याचा निकाल लागला तो हायकोर्टात, १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं.

काही मित्र म्हणतात, विधिमंडळ म्हणजे प्रस्थापितांचा तमाशा, त्यात आकडे वाचून क्रांती होते काय? रस्त्यावर उतरा. मी त्यांना एवढंच विचारतो की रस्त्यावर उतरणाऱ्यांचा बाप आठ दिवस आधी कौन्सिलात आकडे का वाचत होता? १२ मार्चच्या भाषणाने तिजोरी लगेच उघडली नाही, हे खरं. पण माणूस तिथून हटला नाही. पुढच्या वर्षी, १९ मार्च १९२८ ला, महार वतनाचं बिल त्यांनी त्याच कौन्सिलात आणलं. सिलेक्ट कमिटीत त्याचं जे काही झालं त्यानंतर १९२९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. १९२८ मध्ये स्टार्ट कमिटी नेमली गेली. बाबासाहेब आणि सोळंकी दोघेही तिच्यावर होते. १९३० मध्ये तिचा अहवाल आला, त्यात स्कॉलरशिपा आणि वसतिगृहं वाढवायची शिफारस होती आणि मागास वर्गांसाठी स्वतंत्र अधिकारी असावा असंही होतं. त्यातूनच सरकारात मागासवर्गाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. त्याचाच वारसा आज सामाजिक न्याय विभाग म्हणून मंत्रालयात बसतो.

आणि त्याचे पैसे? अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यांत काय होतं ते बघत चला. बजेट मांडलं की दोन-चार दिवस सर्वसाधारण चर्चा, टीव्हीवर भांडणं, पायऱ्यांवर घोषणा. मग खातेवार मागण्या. विरोधकांच्या कपात सूचना येतात, काही खात्यांवर थोडं बोलणं होतं, ठरलेला दिवस उजाडतो आणि राहिलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर. याला गिलोटिन म्हणतात. फ्रान्सात त्याच्याखाली राजाची मान गेली, आपल्याकडे चर्चेची जाते. मग विनियोजन विधेयक, संपलं. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम व्यपगत, म्हणजे बुडाली.

विशेष घटक योजना १९७९-८० च्या सुमारास आली. आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतला पैसा वेगळा काढून ठेवायचा, हे तिचं तत्त्व. पैशाआधी डोकी मोजायची. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती सव्वासात टक्क्यांच्याही आत होत्या. १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ ला हा आकडा ११ टक्क्यांवर गेला. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदे केले. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, आदिवासी विभागाचे ३३५ कोटी ७० लाख. खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. आपल्याही बहिणी त्या योजनेत आहेत, त्यांना मिळो. पण पैसा इकडून तिकडे जाताना आपल्यातला एकही जण लेखाशीर्ष उघडून बसला नव्हता. पेपरात आलं तेव्हा कळलं.

बाबासाहेबांची ही भाषणं शासनाने छापलेल्या इंग्रजी दुसऱ्या खंडात आहेत. ज्या गटाकडे खंड असेल त्यांनी १२ मार्चचं भाषण मराठीत करून घ्यावं आणि येत्या १२ तारखेला वस्तीत मोठ्याने वाचावं. त्याच दिवशी सामाजिक न्याय विभागाची मागणी कोणत्या तारखेला सभागृहात येणार आहे ते आपल्या आमदाराला फोन करून विचारा. गिलोटिनच्या यादीत असेल तर तेही लिहून घ्या.